मोलाचा पाहुणा

आपल्या भाषेंत ‘मोलाचा’ या शब्दास दोन अर्थ आहेत, आणि ते एकमेकांपासून पुष्कळ दूर आहेत. मोलाचा सल्ला म्हणजे ज्याची किंमत होऊं शकत नाहीं असा सल्ला. उलट मोलाचें रडें म्हणजे दाम मोजून रडावयास बसविलेल्या माणसाचें रडें, ज्यांत पाणी डोळ्यांचें असतें पण दुःख कोणाचेंच नसतें. एकच शब्द एकदां अमूल्य वस्तूस लागावा आणि एकदां विकतच्या वस्तूस लागावा, ही विसंगति केवळ भाषेची आहे कीं व्यवहाराचीहि आहे, असा प्रश्न मनांत येतो. दाम देऊन परक्याच्या घरीं राहणारा पाहुणा या दोहोंपैकीं कोणत्या अर्थानें मोलाचा समजावा?

हा प्रश्न नुसता शाब्दिक नाहीं. जून-जुलैचे दिवस आले कीं युरोपांतील हजारों मुलेंमुली घर सोडून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन, हेस्टिंग्ज, ईस्टबोर्न, बोर्नमथ अशा गांवीं येतात. कोणी स्पेनचीं, कोणी इटलीचीं, कोणी फ्रान्सचीं; वय बहुधा बारापासून सतरापर्यंत. दोनतीन आठवडे राहावयाचें, सकाळीं वर्गांत बसून इंग्रजी शिकावयाची, दुपारीं समुद्रकिनारा, किल्ले, संग्रहालयें पाहावयाचीं, आणि संध्याकाळीं एखाद्या इंग्रज कुटुंबाच्या घरीं जेवून तेथेंच निजावयाचें, असा हा क्रम असतो. या कुटुंबास यजमान कुटुंब म्हणतात. शाळा त्याला दर आठवड्यास मुलामागें ठराविक रक्कम देते, आणि ती अर्थातच मुलाच्या आईबापांच्या खिशांतून आलेली असते. आमच्याकडील सुशिक्षित कुटुंबांतहि, दहावीची परीक्षा आटोपलेल्या मुलास अशा रीतीनें कांहीं आठवडे बाहेर पाठवावें काय, ही चर्चा आतां अपरिचित राहिलेली नाहीं. खर्च किती, धोका किती, फायदा किती, एवढ्यावरच ती बहुधा संपते. त्याच्या पलीकडचा प्रश्न असा कीं, घर ही विकत घेण्याजोगी वस्तु आहे काय?

या व्यवहाराचे नियम पाहिले तर असें दिसतें कीं नियम करणारांनाहि हा प्रश्न जाणवला असावा. ब्रिटिश कौन्सिलची मान्यता ज्या शाळांना हवी असते त्यांना यजमान घरांविषयीं कांहीं बंधनें पाळावीं लागतात. एका घरीं चारांहून अधिक विद्यार्थी ठेवावयाचे नाहींत. आणि एकाच मातृभाषेचे दोघे, त्यांनीं स्वतः तशी इच्छा दर्शविली नसेल तर, एका छपराखालीं घालावयाचे नाहींत. पहिल्या नियमाचा हेतु घराची खाणावळ होऊं नये हा. दुसऱ्याचा हेतु मुलाला आपल्या भाषेंत दडून बसतां येऊं नये हा. याहून विचार करण्यासारखा नियम इंग्लंडच्या कायद्यांत आहे. सोळा वर्षांखालील मूल आईबाप किंवा जवळचे नातलग यांच्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या घरीं २८ दिवस वा त्याहून अधिक काळ राहणार असेल, तर १९८९ च्या बालक-कायद्याप्रमाणें त्याची गणना खासगी संगोपनांत होते, आणि तें स्थानिक अधिकाऱ्यांस कळवावें लागतें. सत्ताविसाव्या दिवसापर्यंत तें मूल पाहुणें. अठ्ठाविसाव्या दिवशीं तें सांभाळावयास घेतलेलें लेंकरूं. कायद्याला कोठें तरी रेघ ओढावीच लागते, म्हणून या रेघेस हंसण्याचें कारण नाहीं. परंतु ती हातानें ओढावी लागते याचाच अर्थ असा कीं, पाहुणा आणि घरचें मूल यांच्यामध्यें निसर्गानें भिंत घातलेली नाहीं.

जुन्या दृष्टीनें पाहणारा मनुष्य म्हणेल, यांत आतिथ्य कोठें आहे? तैत्तिरीय उपनिषदानें अतिथीस देवासमान मानावयास सांगितलें. देवाकडून भाडें घ्यावयास सांगितलें नाहीं. ज्याच्या येण्याला तिथि ठरलेली नसते तो अतिथि, अशी त्या शब्दाची फोड आपल्याकडे करीत आले आहेत. येथें तर येण्याची तिथि ठरलेली, जाण्याची ठरलेली, आणि जेवणांत काय चालेल व काय चालणार नाहीं याची यादी पाहुण्याच्या आधींच येऊन पोंचलेली. यजमानाचा हेतु पाहावा तर तोहि उघड आहे. मुलें मोठीं होऊन बाहेर पडलीं, वरची खोली रिकामी राहिली, घरावरचें कर्ज अजून फिटावयाचें आहे; अशा घरास उन्हाळ्यांतील ही प्राप्ति उपयोगी पडते. राहत्या घरांतील खोली भाड्यानें देणारास वर्षाकांठीं ७,५०० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर कर द्यावा लागूं नये, अशी सवलत ब्रिटिश सरकारनें एप्रिल २०१६ पासून ठेवली आहे. ज्या गोष्टीस प्राप्तिकराचें कलम लागतें तिला आतिथ्य म्हणणें हें दुकानाला देऊळ म्हणण्यासारखें नव्हे काय?

आक्षेप सबळ आहे. परंतु तो घेणाऱ्यानें फुकटच्या आतिथ्याचा इतिहासहि डोळ्यांआड करूं नये. आपल्याकडे गरीब विद्यार्थी विद्येसाठीं पुण्यासारख्या शहरीं येत, तेव्हां सात घरीं सात वार लावून जेवत, किंवा माधुकरी मागून आणीत. या प्रथेनें कित्येक पिढ्यांना शिकविलें, आणि तिच्यामागें समाजाची खरीखुरी पुण्यबुद्धि होती, हें कोणीहि कृतज्ञतेनें मान्य करील. पण वारानें जेवणाऱ्या मुलाच्या बाजूनेंहि ती पाहिली पाहिजे. सोमवारच्या घरीं दुसऱ्यांदा भात मागावा कीं नाहीं, बुधवारच्या घरीं बाईंनीं सांगितलेलें काम अभ्यास टाकून करावें कीं नाहीं, गुरुवारच्या घरचीं माणसें परगांवीं गेलीं तर भूक सांगावी कोणाला, हे प्रश्न त्याला पडत. दाता कितीहि सज्जन असो, घेणाऱ्याची मान थोडी खालींच राहत असे. उपकाराचें ओझें हें असें ओझें आहे कीं तें ठेवणाऱ्याला दिसत नाहीं. पैसे देऊन राहणाऱ्या मुलाच्या मानेवर तें नसतें. तो आपल्या खोलींत येतो तो हक्कानें. ताटांतला पदार्थ आवडला नाहीं तर नको म्हणण्याची त्याला मुभा असते. पैशानें माया मिळत नाहीं हें खरें. पण पैशानें मिंधेपणा टळतो हेंहि तितकेंच खरें आहे, आणि पंधरा वर्षांच्या मुलाच्या स्वाभिमानाच्या दृष्टीनें ही कांहीं लहान गोष्ट नव्हे.

मग पैशानें नेमकें काय मिळतें, आणि काय मिळत नाहीं? याचें उत्तर नुसत्या तर्कानें शोधण्यापेक्षां एका प्रसिद्ध उदाहरणांत शोधावें. १८८८ सालीं एकोणीस वर्षांचे मोहनदास गांधी लंडनला पोंचले, तेव्हां डॉ. प्राणजीवन मेहता यांनीं त्यांना समजाविलें कीं, विलायतेस येण्याचा हेतु केवळ अभ्यास नाहीं, येथल्या लोकांच्या राहणीचा व चालीरीतींचा अनुभव घेणें हा आहे, आणि त्यासाठीं एखाद्या कुटुंबांत राहिलें पाहिजे. पुढें वेस्ट केन्सिंग्टनमध्यें एका विधवा बाईच्या घरीं त्यांची सोय झाली. आईजवळ मांस न खाण्याची शपथ घेतलेली. अळणी, उकडलेल्या भाज्या घशाखालीं उतरेनात. आणि पाव आणखी मागावयाचा संकोच. आत्मकथेंत त्यांनीं सांगितलें आहे कीं, घरधनिणीच्या मुली पावाचा आणखी एखाददुसरा तुकडा वाढीत. पण त्यांच्या भुकेला अख्खा पावच हवा होता, हें त्या बिचाऱ्यांना कोठून कळणार!

या लहानशा हकीकतींत सगळा प्रश्न सांठलेला आहे. पाव बिलांत होता. तो मागण्याचें धैर्य बिलांत नव्हतें. न मागतां तुकडा पुढें करणारा हातहि बिलांत नव्हता. त्याच आत्मकथेंत पुढें कुटुंबांतील राहणीचा हिशेब आला आहे: आठवड्याचें बिल तर द्यावयाचेंच, शिवाय शिष्टाचार म्हणून घरच्या मंडळींस मधून मधून बाहेर जेवावयास न्यावयाचें, गाडीभाडें सोसावयाचें, आणि बाहेर जेवलें म्हणून बिलांत वजावट मात्र व्हावयाची नाहीं. काटकसरीचा विचार करून गांधींनीं शेवटीं कुटुंब सोडलें व स्वतंत्र खोल्या घेतल्या. बिलाची वही आणि सौजन्याची वही अशा दोन वह्या प्रत्येक यजमान घरांत असतात. पहिली दर आठवड्यास मिटते, दुसरी कधींच पुरती मिटत नाहीं.

भाषा शिकावयास गेलेल्या मुलाची अडचण अशी कीं, त्याला जें हवें असतें तें नेमकें दुसऱ्या वहींतलें असतें. व्याकरण आणि शब्दसंग्रह वर्गांत मिळतात, आणि त्यासाठीं समुद्र ओलांडण्याचें विशेष कारण नाहीं. घरांत मिळते ती भाषा निराळी. अर्ध्यावर सोडलेलीं वाक्यें, आपसांतली थट्टा, रागाच्या आधींची शांतता, पाऊस आला असतां वाळत घातलेल्या कपड्यांसाठीं मारलेली हांक, ही ती भाषा. ती कोणी कोणास शिकवीत नाहीं. माणसें आपल्यांत बोलत असतांना जवळ बसलेल्याच्या कानांवर ती पडते. म्हणून ती मिळण्याची एकच अट आहे, ती म्हणजे जवळ बसूं देणें. ही गोष्ट करारांत लिहितां येते, पण करारानें होत नाहीं.

रवींद्रनाथ ठाकुरांचें उदाहरण या बाबतींत आपल्याला विशेष जवळचें आहे. कारण इंग्रजीसाठीं ते ज्या परक्या घरीं प्रथम राहिले तें मुंबईंतील मराठी घर होतें. १८७८ सालीं, विलायतेस जाण्यापूर्वीं, सतरा वर्षांच्या रवींद्रनाथांना त्यांचे वडील बंधु सत्येंद्रनाथ यांनीं प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या कुटुंबांत ठेवलें. इंग्रजी बोलण्याची आणि इंग्रजी रीतीभातींची संवय व्हावी हा हेतु. आणि ती संवय लावण्याचें काम विलायतेहून परत आलेली डॉक्टरांची कन्या अन्नपूर्णा हिच्याकडे होतें. शिष्याजवळ विद्येच्या बदल्यांत देण्यासारखी एकच वस्तु होती, ती कविता. त्यानें तिला ‘नलिनी’ हें नांव दिलें आणि तें आपल्या काव्यांत गुंफलें. उतारवयांतहि रवींद्रनाथ तिच्याविषयीं जिव्हाळ्यानें बोलत.

पुढें लंडनमध्यें ते डॉ. स्कॉट यांच्या घरीं राहिले. हिंदुस्थानांतला कोणी परका मुलगा घरांत येणार या कल्पनेनेंच त्या घरच्या दोन मुली धास्तावून नातलगांकडे निघून गेल्या होत्या, आणि हा पाहुणा निरुपद्रवी आहे असें कळल्यावर परत आल्या, ही हकीकत रवींद्रनाथांनीं आपल्या आठवणींत दिली आहे. त्याच घराचा निरोप घेण्याची वेळ आली तेव्हां स्कॉटबाईंना रडूं आलें. इतक्या लवकर जावयाचें होतें तर आमच्याकडे आलासच कशाला, अशा अर्थाचें त्या बोलल्या. पहिल्या दिवसाची ती भीति आणि शेवटच्या दिवसाचा हा प्रश्न, यांमधलें अंतर कोणत्याहि पावतीवर लिहिलेलें नसतें. तें दोघांनीं मिळून चालावें लागतें. यजमानानें परक्याचें भय टाकावयाचें, आणि पाहुण्यानें आपलें असें कांहीं तरी त्या घरांत ठेवावयाचें.

येथें दुसरा आक्षेप येतो. पैसे घेऊन दाखविलेली माया हें मोलाचें रडेंच नव्हे काय? मला तसें वाटत नाहीं. परिचारिका वेतन घेते म्हणून मध्यरात्रीं रोग्याच्या कपाळावर ठेवलेला तिचा हात खोटा ठरत नाहीं. शिक्षक पगार घेतो म्हणून मागें पडलेल्या मुलासाठीं त्याचा जीव तुटणें हें ढोंग होत नाहीं. वेतन माणसाला दारापर्यंत आणतें. दाराच्या आंत तो कसा वागेल हें वेतनावरून ठरत नाहीं. म्हणून यजमानानें पैसे घेतले यांत दोष नाहीं. दोष आहे तो नांव एकाचें सांगून माल दुसरा देण्यांत. परदेशी मुलांस संध्याकाळीं लवकरच निराळें वाढून वर पाठवावयाचें, आणि मागाहून घरच्यांनीं आपल्यांत हंसतखेळत जेवावयाचें, असें जेथें होतें तेथें निवारा विकला जातो आणि त्यावर घराची चिठ्ठी चिकटविली जाते. भाड्याची खोली म्हणून ती विकली असती तर व्यवहार सचोटीचा होता. घर म्हणून विकली, म्हणजे मुलाच्या एकटेपणांत आणखी भर घातली. कारण भिंतीपलीकडचें हंसणें ऐकणाऱ्याला आपलें एकटेपण दुपटीनें जाणवतें.

हाच न्याय पाहुण्यालाहि लागू आहे. पैसे मोजले आहेत या जाणिवेनें जो मुलगा ताट तसेंच सोडून उठतो, तोहि घर विकत घेऊन खाणावळ वापरतो. शिवाय आजच्या मुलाजवळ एक पळवाट आहे, जी गांधींच्या किंवा रवींद्रनाथांच्या वेळीं नव्हती. त्या काळीं घरचें पत्र यावयास कित्येक आठवडे लागत, आणि तोंवर समोरच्या माणसांखेरीज मुलाला दुसरा आधार नसे. आतां हेस्टिंग्जच्या खोलींत बसून तो सारी संध्याकाळ फोनवर आईशीं आणि मित्रांशीं आपल्या भाषेंत बोलूं शकतो. देह यजमानाच्या घरीं आणि मन आपल्या घरीं. आईची काळजी समजण्यासारखी आहे. परंतु तासातासाला खुशाली विचारणें म्हणजे जें दार उघडण्यासाठीं पैसे मोजले तें आपल्याच हातानें बाहेरून लावून घेणें होय.

आतां या प्रश्नाची जी बाजू राहिली ती अधिक गंभीर आहे. जगांतलीं मुलें इंग्रजाच्या जेवणाच्या टेबलाशीं बसण्यासाठीं दाम मोजतात; इंग्रजाचें मूल कोल्हापूरच्या एखाद्या माजघरांत मराठी शिकण्यासाठीं सहसा उन्हाळा काढीत नाहीं. इंग्रजाचें आतिथ्य आपल्याहून श्रेष्ठ, हें याचें कारण नव्हे. साम्राज्य, व्यापार आणि विद्या यांनीं त्याच्या भाषेला दिलेलें बाजारमूल्य हें त्याचें कारण आहे. धोका असा कीं मुलगा भाषेबरोबर एक निष्कर्षहि उचलून आणतो: ज्यांची भाषा शिकावयाची त्यांचें घर तें प्रमाण, आणि आपलें तें दुय्यम.

या समजुतीवरचा उतारा माल्टा आणि आयर्लंड या दोन देशांत पाहावयास मिळतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटननें युरोपीय संघाच्या बहुतेक नागरिकांस नुसत्या ओळखपत्रावर प्रवेश देणें बंद केलें व पासपोर्टची अट घातली, तेव्हां कित्येक शाळांनीं आपलीं मुलें या दोन देशांकडे वळविलीं. माल्टांत घरची भाषा बहुधा माल्टी. इंग्रजी ही तेथील दुसरी राजभाषा. म्हणजे तेथला यजमान पाहुण्यासाठीं स्वतःच्या स्वयंपाकघरांत स्वतःची भाषा बाजूस ठेवतो. हें देणें कोणत्या दरानें मोजावें? आयर्लंडांत तर उन्हाळ्यांत दोन उलटे प्रवाह एकाच वेळीं वाहत असतात. डब्लिनच्या घरांत स्पेनचीं मुलें इंग्रजी शिकत असतात, आणि डब्लिनचीं मुलें पश्चिमेकडील आयरिशभाषी गांवीं आयरिश शिकावयास गेलेलीं असतात. तेथें तीं बहुधा तीन आठवडे गांवकऱ्यांच्या घरीं राहतात. ज्या बाईच्या घरीं उतरतात तिला ‘बॅन अन टी’, म्हणजे घरची बाई, असें म्हणतात. तिला सरकारांतून मुलामागें अनुदान मिळतें. आणि बऱ्याच ठिकाणीं इंग्रजी बोलत राहणाऱ्या मुलास परत धाडण्याचा दंडक असतो. असें पहिलें विद्यालय १९०४ सालीं कॉर्क परगण्यांतील बॅलिंगिअरी येथें निघालें. ज्या भाषेला बाजारांत कोणी विचारीत नव्हतें, तिच्यासाठीं त्या देशानें घरें उघडलीं आणि पैसेहि मोजले. पैसा नेहमीं बलवानाच्याच पायांशीं जातो असें नाहीं. कोठें न्यावा हें नेणाऱ्यावर आहे. आपल्या शहरांतला मुलगा कोंकणांतल्या किंवा खानदेशांतल्या खेड्यांत तेथली बोली ऐकण्यासाठीं महिनाभर राहावा, असें आपल्यापैकीं किती जणांच्या मनांत येतें? उलट त्या खेड्यांतून शिकावयास आलेल्या मुलाचे उच्चार ऐकून आपण हंसतों. जो समाज आपल्याच बोलींना असें वागवितो, त्याच्या मुलांनीं परक्या घरीं आपली भाषा ताठ मानेनें उच्चारावी ही अपेक्षा जरा अवघडच आहे.

मोलाचा विचार करतांना ज्याचें मोलच होत नाहीं अशा आतिथ्याचीहि आठवण ठेवावी. नाहीं तर माप चुकतें. १८८३ च्या उन्हाळ्यांत अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेंत उतरल्या, तेव्हां फिलाडेल्फियाचें वैद्यकीय विद्यालय सुरू होईपर्यंत त्या न्यू जर्सींतील रोझेल गांवीं कार्पेंटरबाईंच्या घरीं राहिल्या. दोघींची ओळख पत्रांतली; पण त्या पत्रांतूनच आनंदीबाईंनीं त्यांना मावशी केलें होतें. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं आनंदीबाई पुण्यास वारल्या. त्यांची रक्षा अमेरिकेस पाठविण्यांत आली, आणि कार्पेंटर कुटुंबानें ती पोकीप्सी येथील आपल्या कुळाच्या दफनभूमींत ठेवली. कांहीं महिन्यांसाठीं आलेल्या पाहुणीला आपल्या माणसांशेजारीं कायमची जागा देणें, याच्यापुढें आतिथ्य जाऊं शकत नाहीं. असें घर मागून मिळत नाहीं, आणि तें मिळेपर्यंत प्रत्येक मुलानें उंबरठ्याच्या आंत बसून राहावें असेंहि कोणी म्हणणार नाहीं.

तेव्हां ‘मोलाचा’ या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांचे वैरी नाहींत. ते एकापाठोपाठ येणारे आहेत, किंवा येऊं शकतात. पहिल्या अर्थानें मोलाचा असलेला पाहुणा उंबरठा ओलांडतो. दुसऱ्या अर्थानें मोलाचा तो झाला तर आंत गेल्यावर होतो, आणि तो होईलच याची हमी कोणी देऊं शकत नाहीं. मुलास पाठविणाऱ्या आईबापांच्या हातीं एवढेंच आहे कीं त्याला दोन गोष्टी शिकवून पाठवाव्या: भूक लागली असतां संकोच न करतां मागणें, आणि न सांगतां उठून भांडीं पुसूं लागणें. पहिल्या गोष्टीनें तो मिंधा राहणार नाहीं, दुसरीनें तो गिऱ्हाईक राहणार नाहीं. पण या गोष्टी विमानतळावर सांगून येत नाहींत. आपल्या घरीं गांवाकडून शिकावयास आलेलें नात्यांतलें पोर, भाड्यानें खोली घेतलेला विद्यार्थी, कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी, यांना आपण कोठें बसवितों आणि त्यांच्याशीं कोणत्या स्वरांत बोलतों, हें मूल लहानपणापासून पाहत असतें. ज्या घरांत परक्याला जवळ बसूं दिलें जातें, त्या घरांतून निघालेल्या मुलाला परक्या घरीं जवळ कसें बसावें हें बहुधा निराळें शिकवावें लागत नाहीं.